स्टार्टअपमधली नोकरी: कामाचं समाधान आणि कागदावरचे शेअर

घाटमाथा

स्टार्टअपवर आपल्याकडे लिहिलं जातं ते दोन टोकांचं. कुणाचे ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने पुढे विकत घ्यायचा कर्मचाऱ्याला दिलेला हक्क, म्हणजेच ऑप्शन) फळाला आले म्हणून, नाहीतर कुणाला गूगल मीटच्या कॉलवर काढून टाकलं म्हणून. मधली वर्षं कशी जातात, त्यात काय मिळतं आणि काय झिजतं, यावर बोलावं म्हणून हा धागा काढतोय.

मी २०१९पासून यंदापर्यंत पुण्यातल्या एका स्टार्टअपमध्ये बॅकएंडचं काम केलं. ट्रक वाहतूकदारांसाठी सॉफ्टवेअर. कंपनीचं नाव लिहिणार नाही, तिथे अजून माझे मित्र आहेत.

त्याआधी हिंजवडीतल्या एका मोठ्या सर्व्हिस कंपनीत होतो. काम वाईट नव्हतं, पण मी लिहिलेला कोड कोण वापरतं हे मला तिथे कधीच कळलं नाही. क्लायंट परदेशात, त्याच्याशी बोलणारा मॅनेजर निराळा, आमच्यापर्यंत यायचं ते फक्त जिराचं (कामं वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं) तिकीट. स्टार्टअपमध्ये रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात फाउंडरने निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात नेऊन बसवलं. लॅपटॉप उघडायचा नाही, नुसतं बघायचं. बिल्टी (माल पाठवल्याची पावती) कशी फाडतात, ड्रायव्हरला अॅडव्हान्स कसा देतात, फोन कुणाकुणाचे येतात.

तिथे ई-वे बिलाची (माल नेताना सोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) कटकट कळली. पन्नास हजारांवरच्या मालाला हे बिल लागतं आणि त्याला मुदत असते, किती दिवसांची ते अंतरावर ठरतं. चाकणहून निघालेली गाडी वाटेत बंद पडली, घाटात अडकली, की मध्यरात्री मुदत संपते. पुढे तपासणीत सापडली तर जबर दंड, आणि गाडी उभी ती वेगळीच. मुदत वाढवून घेता येते, पण संपण्याआधीचे आठ तास आणि संपल्यानंतरचे आठ तास एवढ्यातच. त्यामुळे बुकिंग क्लार्क रात्री जागून एकेका गाडीच्या ड्रायव्हरला फोन लावत बसायचे.

आम्ही जीपीएसवरून उरलेलं अंतर काढून, गाडी वेळेत पोचणार नसेल तर क्लार्कच्या फोनवर आधीच सूचना जाईल अशी सोय केली. तिची पहिली आवृत्ती माझी. त्यानंतर दिवाळीच्या गर्दीतही ट्रान्सपोर्टनगरातल्या त्या ऑफिसातलं एकही बिल मुदतीबाहेर गेलं नाही. हे तिथल्या लोकांनी स्वतः फोन करून सांगितलं तेव्हा जे वाटलं, ते कुठल्याही अप्रेझलने वाटलं नव्हतं. मग २२ डिसेंबर २०२०ला अधिसूचना आली की १ जानेवारीपासून शंभरऐवजी दोनशे किलोमीटरला एक दिवस धरायचा. हातात दहा दिवसही नव्हते. आम्ही चौघांनी बसून सगळी गणितं बदलली, जुनी बिलं जुन्या नियमाने आणि नवी नव्या नियमाने चालतील हे पाहिलं, आणि एक तारखेला काहीही न पडता ते चालू झालं. फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा तीच धावपळ. मी जे शिकलो त्यातलं निम्मं या दोन-तीन महिन्यांतलं आहे.

आता दुसरी बाजू. २०२१मध्ये पैसा सहज मिळत होता. सप्टेंबरात चेन्नईत सुरू झालेली फ्रेशवर्क्स अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात आली, पाचशेहून जास्त कर्मचारी कोट्यधीश झाल्याच्या बातम्या आल्या. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येकाने आपापलं ग्रँट लेटर (ईसॉप दिल्याचं पत्र) पुन्हा उघडून वाचलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत व्याजदर चढले आणि गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला. आधी जाहिराती थांबल्या, मग भरती, मग माणसं. एका सकाळी सेल्सच्या निम्म्या लोकांचं स्लॅक (ऑफिसचं चॅट) उघडेना. त्यांना कारण कळलं ते दुपारी. कंपनीला पैसे कमी पडले हे मी समजू शकतो. पण ज्यांनी रात्री-अपरात्री ग्राहक सांभाळले त्यांना आधी समोर बसवून सांगायला पैसे लागत नव्हते. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

यंदा पगार उशिरा यायला लागले. मग एका सहकाऱ्याने यूएएनचं, म्हणजे पीएफ खात्याचं, पासबुक उघडलं, तर पगारातून पीएफ कापला होता पण दोन महिने भरलेलाच नव्हता. नवी नोकरी मिळाली तसा मी बाहेर पडलो. आता व्हेस्ट झालेले (म्हणजे पक्के माझ्या हक्काचे झालेले) ऑप्शन वापरून शेअर घ्यायचे की सोडायचे हे नोकरी सोडल्यापासून नव्वद दिवसांत ठरवायचं आहे.

माझं मत असं झालंय: स्टार्टअपची नोकरी कामासाठी घ्यावी, पगार रोख मोजावा आणि ईसॉप घरच्या हिशोबात शून्य धरावेत. तुमचे अनुभव लिहा.

---

केवडा

फार मनापासून लिहिलंय. पण "शून्य धरा" हे मला अर्धंच पटतं. ऑफरमध्ये पगार कमी करताना कंपनी ईसॉपची पूर्ण किंमत लावते. आपण ते शून्य धरायचे ठरवले, तर पगाराची बोलणी करतानाच तोंडावर सांगितलं पाहिजे की हा आकडा मी धरत नाहीये, रोख किती ते बोला. सही झाल्यावर मनात शून्य धरून काय उपयोग?

मी एका एडटेकमध्ये (ऑनलाइन शिक्षणाच्या कंपनीत) ग्राहक सेवेची टीम सांभाळत होते. एक चांगली गोष्ट सांगते, कारण वाईट बाकीचे सांगतीलच. मला दिवस गेले तेव्हा कंपनीत मॅटर्निटीचं धोरणच नव्हतं. पस्तीस माणसं, बहुतेक सगळी पंचविशीतली, ही वेळ आधी कुणावर आलीच नव्हती. मी कायद्याची प्रत घेऊन फाउंडरसमोर बसले: दहा किंवा जास्त कर्मचारी असले की २६ आठवड्यांची भरपगारी रजा द्यावीच लागते. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याने त्याच आठवड्यात धोरण लिहून काढलं, आणि वडिलांसाठीची रजा स्वतःहून त्यात घातली, जी कायद्याने बंधनकारक नाही. मोठ्या कंपनीत असा बदल व्हायला किती वर्षं लागली असती!

परत आल्यावर मात्र कठीण गेलं. मीटिंगा रात्री नऊला. कुणी मुद्दाम करत नव्हतं, पण बाकीच्यांची ती जेवून पुन्हा कामाला बसायची वेळ, आणि माझी बाळाला झोपवायची. "तू नको येऊस, आम्ही नंतर सांगू" असं प्रेमानेच म्हणायचे. पण निर्णय तिथेच व्हायचे. वर्षभरात माझ्या टीमचे निर्णय दुसरं कुणीतरी घ्यायला लागलं. मी भांडून साप्ताहिक बैठक सकाळी अकराला आणली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. मुलींनो, हे भांडण पहिल्याच महिन्यात भांडा.

---

वहीखाते

मी सीए आहे, स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांचे प्रश्न रोज येतात. घाटमाथा, नव्वद दिवसांच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देतो. आकडे काल्पनिक आहेत, तुमचे घालून बघा.

समजा तुमचे ४००० ऑप्शन व्हेस्ट झालेत. एक्सरसाइज किंमत (शेअर घ्यायचा ठरलेला भाव) १० रुपये. शेअरची किंमत ठरवून देणाऱ्या मर्चंट बँकरच्या अहवालाप्रमाणे आजची किंमत ४१० रुपये. शेअर घ्यायला लागतील ४०,००० रुपये, इथपर्यंत सगळे खूश असतात. पण आयकराच्या हिशोबात तुम्हाला त्या दिवशी १६ लाख रुपयांचा पगार मिळाला. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह कर होतो ४,९९,२०० रुपये. तो रोख भरायचा. आणि हातात काय? ज्याला बाजारात गिऱ्हाईक नाही असा कागद.

२०२०च्या अर्थसंकल्पात यावर सवलत आली, त्याबद्दल फार गैरसमज आहेत. हा कर पुढे ढकलता येतो, पण केंद्र सरकारच्या आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपमध्येच. नुसती डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) मान्यता पुरत नाही, आणि प्रमाणपत्र मिळालेल्या कंपन्या मान्यताप्राप्त कंपन्यांच्या तुलनेत अगदी थोड्या आहेत. शिवाय ढकललेला कर तीन गोष्टींपैकी जी आधी घडेल तेव्हा द्यावाच लागतो: ठरवून दिलेली वर्षं संपली, शेअर विकले, किंवा नोकरी सोडली. म्हणजे तुमच्यासारख्या नोकरी सोडणाऱ्याला तिचा काहीच आधार नाही.

पुढे कंपनी बुडाली तर तो भांडवली तोटा, आणि भांडवली तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. कागदोपत्री मिळालेल्या पगारावर कर भरला, पण तो पगार प्रत्यक्षात कधी हातात आलाच नाही, अशी अवस्था होते. जिथे पगार उशिरा येतोय आणि पीएफ थकलाय, तिथे ५ लाख रोख घालायला मी माझ्या भावालाही सांगणार नाही.

पीएफबद्दल: कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तो भरायचा असतो. कर्मचाऱ्याच्या वाट्याचे कापून घेतलेले पैसे न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर नोंद करा, सॅलरी स्लिपा जोडा. टीडीएसही (पगारातून कापलेला आयकर) तपासा, २६एएस या आयकराच्या पत्रकात दिसतो. कापलेला कर कंपनीने भरला नाही तरी तो पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, मात्र कापल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. म्हणून कंपनीचा मेल बंद होण्याआधी सगळ्या स्लिपा उतरवून घ्या.

---

जुना_पिंपरीकर

माझी सगळी नोकरी पिंपरीच्या कारखान्यात झाली. मुलगा बंगळूरला स्टार्टअपमध्ये आहे म्हणून हा धागा वाचतोय.

पोरांनो, एक गोष्ट मला समजत नाही. पगार उशिरा झाला तर तुम्ही प्रत्येकजण एकटाच एचआरला मेल का करता? आमच्याकडे सात तारीख उलटली की सगळं खातं एकत्र उभं राहायचं. मारामारी नाही, घोषणा नाहीत, पाच जण जाऊन साहेबाला विचारायचे की कधी देणार, तारीख सांगा. तारीख मिळायची. आता नोव्हेंबर २०२५पासून वेतन संहिता लागू झाली आहे, तिच्यात मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे, आणि राजीनामा दिला किंवा काढून टाकलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतनाचा हिशोब पूर्ण करायचा आहे. हा कायदा कॉम्प्युटरवाल्यांनाही आहे. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, बाबा, असं विचारलं तर वातावरण बिघडतं. घरभाडं थकलं तर वातावरण बिघडत नाही का?

---

घाटमाथा

काका, तुमचं म्हणणं मनाला भिडलं. आमच्याकडे पीएफचं कळल्यावर एक गोष्ट मात्र झाली: अकरा जणांनी मिळून एकच पत्र दिलं. त्यानंतर एका महिन्याचा भरणा पासबुकात दिसला. एकेकट्याच्या मेलला आठवडे उत्तर नव्हतं.

वहीखाते, मनापासून आभार. माझे आकडे तुमच्या उदाहरणाच्या बरेच जवळ आहेत.

केवडाताई, रोखीचं तोंडावर बोलायचं हे अगदी बरोबर. वरचं वाक्य तसंच समजावं.

---

ओसरी

मी फाउंडर आहे, छोट्या कंपनीचा. चाळीसेक माणसं, ऑफिस बाणेरला. इथे राग आहे तो रास्त आहे, तरी पलीकडून काही लिहितो.

आमची मूळ कंपनी अमेरिकेत नोंदवलेली, त्यामुळे पैसे सिलिकॉन व्हॅली बँकेत. १० मार्च २०२३ला, शुक्रवारी, ती बँक बंद झाली तेव्हा आपल्याकडे रात्र होती. पुढच्या पगाराची रक्कम त्याच खात्यातून यायची होती. त्या रात्री आम्हा दोघा सहसंस्थापकांत वाद झाला. दुसऱ्याचं म्हणणं, सोमवारपर्यंत कुणाला सांगू नये, लोक घाबरतील. माझं म्हणणं, लोकांच्या घरी हप्ते आहेत, त्यांना आधी कळायला हवं. शनिवारी सकाळी सगळ्यांना कॉलवर घेतलं. तिथे किती अडकलेत, भारतातल्या खात्यात किती आहेत, त्यात कुणाचे पगार होतील आणि कुणाचे थांबतील, सगळं स्क्रीनवर दाखवलं. आम्हा दोघांचे पगार सगळ्यात शेवटी. रविवारी अमेरिकन सरकारने सगळ्या ठेवी सुरक्षित असल्याचं जाहीर केलं आणि सोमवारी खातं उघडलं. एकही माणूस सोडून गेला नाही. पैसे परत मिळाले म्हणून नव्हे, आधी सांगितलं म्हणून, असं नंतर कितीतरी जणांनी बोलून दाखवलं.

तेव्हापासून दर महिन्याच्या बैठकीत पहिली स्लाइड एकच असते: बँकेत किती, महिन्याला खर्च किती, किती महिने पुरतील. घाटमाथांच्या कंपनीत हे होत नसावं असं दिसतं. फाउंडर हे लपवतात कारण गुंतवणूकदारांशी बोलणी चालू असतात आणि आशा असते की पुढच्या महिन्यात सगळं मार्गी लागेल. ती आशा खरी असते. पण तिच्या भरवशावर दुसऱ्याच्या घराचं भाडं ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही.

आणखी एक, जे आमचे लोक ऑफर देताना सांगत नाहीत. गुंतवणूकदारांनी ६० कोटी घातले असतील आणि त्यांना ते आधी परत घ्यायचा हक्क असेल (तो जवळपास नेहमी असतो), तर कंपनी ५० कोटींना विकली गेली तरी सगळे पैसे त्यांचे. "कंपनी विकली गेली" ही बातमी पेपरात येते, पेढे वाटले जातात, आणि कर्मचाऱ्यांच्या शेअरला काहीही मिळत नाही. म्हणून गुंतवणुकीच्या शेवटच्या फेरीत कंपनीचं मूल्यांकन किती झालं हे विचारण्यापेक्षा आजवर एकूण किती पैसे उभे केले ते विचारा.

---

कृष्णाकाठ

घरकर्जाचं कुणी लिहिलं नाही. बँकांकडे कंपन्यांच्या याद्या असतात, प्रतवारीप्रमाणे. यादीत नाव नसलेल्या कंपनीतल्या माणसाला तेवढ्याच पगारावर कमी रक्कम मिळते किंवा जास्त कागद मागतात. आम्ही सांगलीत फ्लॅट घेताना बायकोच्या नोकरीवर कर्ज झालं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, पगार माझ्याहून कमी. माझं स्टार्टअपमध्ये टिकणं तिच्या त्या नोकरीवर उभं आहे, आणि हे मी सगळ्यांना सांगतो. घरात एक पगार खात्रीचा असेल तर दुसऱ्याने ही उडी घ्यावी.

---

पॅसिफिकपार

सॅन होजेहून लिहितोय, पंचवीस वर्षं इथे. नव्वद दिवसांबद्दल थोडं.

ही मुदत आली कुठून? अमेरिकन करकायद्यात एका प्रकारच्या ऑप्शनना करसवलत हवी असेल तर नोकरी सोडल्यापासून तीन महिन्यांत ते घ्यावे लागतात. भारतीय कायद्यात तशी अट नाही. कंपनी कायद्याच्या नियमांत ग्रँटपासून व्हेस्टिंगपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं, एवढं आहे. सोडून गेलेल्याने किती दिवसांत शेअर घ्यायचे हे तुमच्या कंपनीची ईसॉप योजना ठरवते, आणि योजनेतली मुदत कंपनीला वाढवता येते. भारतातल्या काही कंपन्यांनी ती कित्येक वर्षांची केली आहे. तुमच्या फाउंडरला त्यात एक रुपयाही रोख घालावा लागत नाही. लेखी मागणी करा.

आधी शेअर घेऊन कर भरायची घाई करू नका असं मीही म्हणेन. २०००च्या पडझडीत इथे माझ्या ओळखीच्या लोकांनी शेअर घेतले, वर्षअखेरीला शेअर मातीमोल झाले आणि कराचं बिल मात्र चढ्या किमतीवर आलं. कितीतरी वर्षं फेडत होते. २००८मध्ये इथल्या संसदेने सवलत दिली तोवर काहींची घरं गेली होती.

---

नवा_पालव

ताई-दादांनो, मी यंदा पुण्याच्या सीओईपीतून इंजिनिअर होऊन पास होतोय. बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या स्टार्टअपची ऑफर आहे, १४ लाख, त्यातले ४ लाख ईसॉप. दुसरी पुण्यातल्या सर्व्हिस कंपनीची, ७ लाख रोख. घरचे दुसरी घे म्हणतात. मला काम पहिल्या ठिकाणचं आवडलंय. काय विचारू त्यांना?

---

केवडा

१४ म्हणू नकोस, १० म्हण. १० विरुद्ध ७. त्यातून एचएसआरचं भाडं आणि डिपॉझिट वजा कर. मग आई-बाबांना तो आकडा दाखव.

---

ओसरी

चार गोष्टी विचार. कंपनीचे एकूण शेअर किती, सगळे ऑप्शन धरून (त्याशिवाय तुझ्या आकड्याला अर्थ नाही). एक्सरसाइज किंमत किती. सोडल्यावर किती मुदत. बँकेत किती महिन्यांचे पैसे. शेवटच्या प्रश्नावर फाउंडर चिडला तर तेच उत्तर समज. आणि तुझ्या थेट वरिष्ठाशी अर्धा तास एकट्याने बोल, एचआरला मधे न घेता. पहिली दोन वर्षं तुला शिकवणारा तोच.

---

नवा_पालव

बोललो. एकूण शेअर सांगितले, मुदत पाच वर्षांची आहे आणि योजनेचा तो परिच्छेद मेलवर पाठवला. पैसे सोळा महिन्यांचे. वरिष्ठ मूळच्या नगरच्या निघाल्या, तासभर बोलल्या. त्यांनी मागच्या वर्षी काय काय पडलं आणि कसं उभं केलं ते सगळं सांगितलं. घरी केवडाताईंचा १० विरुद्ध ७चा हिशोब दाखवला, बाबा तयार झालेत. आईला अजून समजावतोय.

---

घाटमाथा

पॅसिफिकपार, तुमच्या सांगण्यावरून मेल पाठवला. मुदत तीन वर्षांची करावी, आणि ती फक्त मला नको, यंदा सोडलेल्या आणि २०२२मध्ये काढलेल्या सगळ्यांना मिळावी, असं लिहिलं. जुन्या सहकाऱ्यांपैकी सात जणांनी सही केली. त्यांतल्या काही जणांची मुदत केव्हाच संपून गेली आहे, तरी त्यांचाही हक्क मागितला. फाउंडरचं काल उत्तर आलं: पुढच्या बोर्ड बैठकीत विषय ठेवतो. २०२२च्या लोकांबद्दल त्याने काहीच लिहिलं नाही, म्हणून आज पुन्हा विचारलंय.

मुदत वाढली नाही तर मी शेअर घेणार नाही, हे ठरलं. उरलेल्या महिन्याच्या पीएफची तक्रार पोर्टलवर नोंदवली आहे, क्रमांक मिळालाय. बोर्डाचं काय होतं ते इथेच लिहीन.